मानलेले ग्रंथ आणि वाचलेले ग्रंथ

कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. नव्या करारातले २७ ग्रंथ दोघांचे अगदी सारखे आहेत. फरक आहे तो सारा जुन्या करारात. तोबीत, यूदिथ, मक्काबींचे दोन ग्रंथ, शलमोनाच्या नावाने ओळखला जाणारा ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि बारूख हे सात ग्रंथ, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही जादा भाग कॅथलिक मंडळी पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारते, प्रॉटेस्टंट मंडळी स्वीकारत नाही. कॅथलिक अभ्यासक या ग्रंथांना ड्युटेरोकॅनोनिकल म्हणतात, प्रॉटेस्टंट त्यांना अपोक्रिफा म्हणतात. इतपत माहिती दोन्हीकडच्या बऱ्याच जणांना असते. पण हा फरक पडला कसा, असे विचारले की दोन्हीकडे एकेक तयार गोष्ट ऐकायला मिळते. आमच्याकडे, म्हणजे प्रॉटेस्टंटांकडे, सांगतात की प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला उत्तर देण्यासाठी रोमने सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेत हे ग्रंथ बायबलमध्ये घुसवले. कॅथलिकांकडे सांगतात की बायबल पहिल्यापासून निर्विवादपणे ७३ ग्रंथांचेच होते आणि लूथरने त्यातले सात काढून टाकले. या दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत, आणि त्यांच्या गदारोळात आम्हा मराठी प्रॉटेस्टंटांचे एक मोठे नुकसान झाले आहे, ज्याकडे आमचेच लक्ष गेलेले नाही. हा लेख त्या नुकसानाविषयी आहे.

माझे माहेर नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. आजोबा पाळक होते आणि घरात रोज रात्री जेवणाआधी शास्त्रवाचन होत असे. लग्नानंतर मी ठाण्यात आले आणि इथलीच झाले. धाकट्या मुलीने ठाण्यातल्याच एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, कॅथलिक घरातला मुलगा पसंत केला, तेव्हापासून दोन्ही घरांचे येणेजाणे वाढले आणि विहीणबाईंच्या व माझ्या गप्पा मासळीच्या भावावरून हळूहळू शास्त्राकडे वळल्या. त्या शास्त्र वाचणाऱ्या आहेत, नुसत्या चर्चला जाणाऱ्या नाहीत, त्यामुळे आमच्या बोलण्यात कोणी कोणाला सांभाळून घेत नाही.

या विषयाचा विचार करायला ठाण्यासारखे गाव नाही. तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, ज्याची मुळे सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज अमदानीत आहेत. इंग्रज अमदानीतले सेंट जेम्स चर्च आहे, ज्याचे समर्पण १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी केले. आणि बेने इस्रायल या यहुदी समाजाचे, १८७९ मध्ये बांधलेले शाअर हाशामाइम हे सिनेगॉग आहे. तीन प्रार्थनास्थळे, आणि शास्त्राच्या तीन याद्या. यहुदी २४ ग्रंथ मोजतात. प्रॉटेस्टंटांच्या जुन्या करारातले ३९ ग्रंथ म्हणजे तेच २४, कारण शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन दोन भाग, एज्रा आणि नहेम्या, आणि बारा लहान संदेष्टे आम्ही वेगवेगळे मोजतो. म्हणजे जुन्या कराराच्या बाबतीत आमची यादी सिनेगॉगच्या यादीशी जुळते, कॅथलिक चर्चच्या यादीशी नाही. यात प्रॉटेस्टंट भूमिकेचा एक मोठा आधार आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की देवाची वचने यहुद्यांच्या हाती सोपवली होती. मग जुना करार कोणता, हे त्यांनाच विचारले पाहिजे, असा आमचा युक्तिवाद.

युक्तिवाद वजनदार आहे, पण तो पूर्ण नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, आणि त्या ग्रीक संग्रहाच्या सोबतीने हे इतर ग्रंथही वाचले जाऊ लागले. पहिली ख्रिस्ती मंडळी मुख्यतः ग्रीकमधून शास्त्र वाचणारी होती, त्यामुळे हे ग्रंथ तिच्या हाती आपोआप आले. यहुदी धर्मपंडितांनी इसवी सन ९० च्या सुमारास याम्निया इथे परिषद भरवून आपली यादी कायमची बंद केली, असे पूर्वी पाठ्यपुस्तकांत सांगितले जाई. आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. त्याच पहिल्या शतकाच्या अखेरीस जोसेफस हा यहुदी इतिहासकार २२ ग्रंथ मोजतो, म्हणजे यादीचा गाभा ठरलेला होता. पण तिच्या कडा सगळीकडे सारख्या नव्हत्या. मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहांमध्ये तोबीतचे अरामी आणि हिब्रू भाषेतले तुकडे सापडले, बेन सिराखचेही हिब्रू तुकडे सापडले. हे सगळे ग्रंथ ग्रीक असल्यामुळे परके, हा आमच्याकडचा जुना आक्षेप निदान या दोन ग्रंथांना लागू पडत नाही. ज्ञानग्रंथ आणि मक्काबींचा दुसरा ग्रंथ मात्र मुळातच ग्रीकमध्ये लिहिले गेले.

आता चौथ्या-पाचव्या शतकांतले दोन ख्रिस्ती पंडित, जेरोम आणि ऑगस्टिन, यांच्याकडे वळते, कारण माझ्या मते हा सगळा वाद या दोघांमध्येच पूर्ण मांडला गेला आहे आणि पुढच्या हजारबाराशे वर्षांनी त्यात फारशी भर घातलेली नाही. जेरोम बेथलेहेमात राहत होता. तो हिब्रू शिकला होता आणि जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर ग्रीकवरून न करता थेट हिब्रूवरून करण्याचा त्याने ध्यास घेतला होता. जे ग्रंथ हिब्रू शास्त्राच्या यादीत नाहीत ते प्रमाणग्रंथांत येत नाहीत, असे त्याने शमुवेल आणि राजे यांच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवले. तरीही बिशपांनी आग्रह केला म्हणून त्याने तोबीतचे भाषांतर केले. ते कसे केले हेही त्यानेच सांगितले आहे: अरामी जाणणारा एक माणूस बसवला, तो हिब्रूत सांगत गेला, जेरोम ते लॅटिनमध्ये लेखनिकाला सांगत गेला, आणि एका दिवसात काम उरकले. यूदिथसाठी एक रात्र पुरली. पण याच जेरोमने शलमोनाच्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत एक वाक्य लिहिले आहे, ज्याचा आशय असा की मंडळी हे ग्रंथ लोकांच्या उन्नतीसाठी वाचते, पण धर्मसिद्धांतांना आधार म्हणून वापरत नाही. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. ग्रंथ प्रमाण मानणे आणि ग्रंथ वाचणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या, आणि दुसरी गोष्ट सोडली नाही.

ऑगस्टिन उत्तर आफ्रिकेत बिशप होता आणि त्याचा विचार दुसऱ्या टोकाने सुरू होत होता. मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जे शास्त्र म्हणून वाचले जात आहे ते शास्त्र, ही त्याची कसोटी होती. मक्काबींचे ग्रंथ यहुदी प्रमाण मानत नाहीत, पण ख्रिस्तमंडळी मानते, आणि त्या ग्रंथांतल्या हुतात्म्यांच्या हालअपेष्टांमुळे मानते, असे त्याने आडपडदा न ठेवता लिहिले आहे. ३९३ मध्ये हिप्पो इथे आणि ३९७ मध्ये कार्थेज इथे आफ्रिकेतल्या बिशपांच्या सभांनी ज्या याद्या केल्या त्यांत तोबीत, यूदिथ आणि मक्काबी आहेत. उलट अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने ३६७ मध्ये आपल्या पत्रात जी यादी दिली तीत नव्या कराराचे आजचे २७ ग्रंथ जसेच्या तसे आहेत, पण तोबीत, यूदिथ, ज्ञानग्रंथ आणि बेन सिराख हे प्रमाणग्रंथांबाहेर, नव्याने मंडळीत येणाऱ्यांनी वाचण्याजोगे ग्रंथ म्हणून सांगितले आहेत. एस्तेरसुद्धा त्याने याच बाहेरच्या गटात ठेवला आहे आणि बारूख मात्र यिर्मयासोबत आत घेतला आहे. चौथ्या शतकातल्या या थोर माणसांमध्ये इतका मतभेद होता आणि त्यांनी एकमेकांना मंडळीबाहेर काढले नाही, ही गोष्ट मी विहीणबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “पण वाचत सगळेच होते ना?” प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे उत्तर होय असेच आहे.

ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मसेवक मारले गेले, आणि त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डनस या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांच्या मृतदेहांचे दफन केले. ते ज्या लॅटिन परंपरेत वाढले तिच्या बायबलमध्ये तोबीत आणि मक्काबी होते. ट्रेंटची परिषद व्हायला अजून सव्वादोनशे वर्षे होती. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेनेही इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्त्यांसाठी काढलेल्या पत्रकात हीच यादी दिली होती. त्यामुळे ट्रेंटने सात ग्रंथ नव्याने घातले, हे विधान मला माझ्याच लोकांच्या तोंडून ऐकवत नाही. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटने जे केले ते वेगळे होते आणि तेही गंभीरच होते: जेरोमची जी शंका अकराशे वर्षे मंडळीच्या आत राहू शकली होती, तिला परिषदेने दार बंद केले, आणि ही यादी जो स्वीकारणार नाही तो शापित, असे जाहीर केले. त्याआधी काही वर्षेच कार्डिनल कायेतान हा रोमचा मोठा पंडित जेरोमचेच मत उघडपणे मांडत होता.

लूथरची बाजूही अशीच सरळ सांगता येत नाही. १५१९ मध्ये लाइपझिग इथल्या वादसभेत योहान एक नावाच्या कॅथलिक पंडिताने पर्गेटरीच्या, म्हणजे मरणोत्तर शुद्धीकरणाच्या सिद्धांतासाठी मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा आधार दिला आणि लूथरने तो ग्रंथ प्रमाण नाही म्हणून आधार नाकारला. वादात अडचणीचा झाला म्हणून लूथरने ग्रंथ टाकला, असा कॅथलिक आरोप आहे, आणि प्रसंग पाहता तो आरोप का केला जातो हे समजते; पण उत्तर देताना लूथर जेरोमच्याच रांगेत उभा होता, हेही खरे आहे. आणि त्याने ग्रंथ काढून टाकले नाहीत. १५३४ मध्ये त्याचे संपूर्ण जर्मन बायबल छापून निघाले, त्यात हे ग्रंथ जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या विभागात आहेत, आणि वर लिहिले आहे की हे ग्रंथ पवित्र शास्त्राच्या बरोबरीचे धरले जात नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगले आहेत. त्याच १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि साष्टीबरोबर ठाणेही त्यांच्याकडे गेले. ज्या वर्षी जर्मनीत लूथरचा हा मधला विभाग छापून निघाला त्याच वर्षी आमच्या गावाचे धार्मिक भवितव्य दुसऱ्या दिशेला वळले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

लूथरने नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राविषयीही कठोर शब्द वापरले होते आणि १५२२ च्या आवृत्तीत इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण हे चार ग्रंथ शेवटी, क्रमांक न देता छापले होते. आम्ही त्याचे हे मत मुळीच स्वीकारले नाही. याकोबाचे पत्र आमच्या मंडळ्यांमध्ये आवडीने वाचले जाते. तेव्हा प्रॉटेस्टंट लोक लूथरच्या आवडीनिवडीवर आपले शास्त्र ठरवतात, या म्हणण्यात तथ्य नाही.

खरा भेद ग्रंथांच्या संख्येपेक्षा खोल आहे. अमुक ग्रंथ देवाचा आहे ही खात्री माणसाला कुठून मिळते, या प्रश्नावर दोघांची उत्तरे निराळी आहेत. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याचे म्हणणे असे की मंडळीच्या शिक्क्यामुळे शास्त्र शास्त्र होत नाही. उजेड अंधारापासून जसा आपोआप ओळखू येतो तसे देवाचे वचन पवित्र आत्म्याच्या साक्षीने वाचणाऱ्याच्या अंतःकरणात ओळखू येते. ऑगस्टिनचे प्रसिद्ध म्हणणे असे की कॅथलिक मंडळीच्या अधिकाराने मला प्रवृत्त केले नसते तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. विहीणबाई मला अनेकदा विचारतात की नव्या कराराचे २७ ग्रंथ कोणते हे तुम्हाला ज्या मंडळीने सांगितले, तिचा शब्द तुम्ही तिथे घेता आणि जुन्या कराराच्या वेळी का घेत नाही. प्रश्न अवघड आहे, आणि अंतरात्म्याची साक्ष एवढेच उत्तर त्याला पुरत नाही, कारण बेन सिराख वाचताना माझ्याही अंतःकरणात काही हलते आणि वंशावळींचे अध्याय वाचताना हलत नाही. मी त्यांना असे सांगते की मंडळीने २७ ग्रंथ ओळखले, निर्माण केले नाहीत, आणि ओळखणाऱ्याची साक्ष मोठी असली तरी ती ओळखल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा मोठी नसते. शिवाय २७ ग्रंथांविषयी पूर्व आणि पश्चिम अखेरीस एकमत झाली, तशी या सात ग्रंथांविषयी जेरोमच्या काळी झालेली नव्हती. यावर त्या १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेकडे बोट दाखवतात. त्या परिषदेनेही हेच म्हटले आहे की मंडळीने मान्यता दिली म्हणून ग्रंथ प्रमाण झाले असे नाही, तर देव त्यांचा कर्ता आहे आणि तसे ते मंडळीच्या हाती सोपवले गेले म्हणून ते प्रमाण आहेत. म्हणजे ग्रंथाच्या मूळ अधिकाराविषयी आम्ही फार दूर नाही. दूर आहोत ते एवढ्याच बाबतीत की ओळखताना मंडळी चुकू शकते का. त्या म्हणतात, नाही. मी म्हणते, चुकू शकते.

हे सगळे असले तरी मराठी प्रॉटेस्टंट घरातल्या शास्त्रात तो मधला विभाग का नाही, याचे उत्तर लूथरमध्ये सापडत नाही. इंग्लंडच्या चर्चने आपल्या ३९ कलमांतल्या सहाव्या कलमात जेरोमचे नाव घेऊन त्याचेच मत नोंदवले, आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हे ग्रंथ छापले. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे शरद ऋतूच्या आठवड्यांत रोजच्या प्रार्थनेत तोबीत, यूदिथ, ज्ञानग्रंथ आणि बेन सिराख यांचे पाठ नेमलेले होते. हीबरसाहेबांनी ठाण्यातले चर्च समर्पित केले तेव्हा हाच क्रम अमलात होता. दुसरीकडे १६४७ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने हे ग्रंथ इतर कोणत्याही मानवी लेखनासारखे आहेत, त्यापलीकडे त्यांना अधिकार नाही, असे ठरवले, आणि स्कॉटलंडने ते मनावर घेतले. १८०४ मध्ये लंडनला स्थापन झालेली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी युरोपातल्या वाचकांसाठी अपोक्रिफासह छापलेल्या बायबलांनाही मदत करत असे. एडिंबरोच्या रॉबर्ट हाल्डेन यांनी आणि त्यांच्या स्कॉटिश सहकाऱ्यांनी त्याला जोरदार हरकत घेतली, वर्षानुवर्षे भांडण चालले, आणि अखेर १८२६ मध्ये सोसायटीने ठरवले की अपोक्रिफा असलेल्या बायबलांवर आपला पैसा खर्च करायचा नाही.

त्या एका ठरावाचा परिणाम आमच्या घरापर्यंत पोहोचला आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी शास्त्राच्या भाषांतराचे आणि छपाईचे काम बायबल सोसायट्यांच्या आणि मिशनांच्या आधाराने झाले. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेतले होते, स्कॉटिश मिशनरी वेस्टमिन्स्टरच्या परंपरेतले होते, आणि पैसा व कागद देणाऱ्यांचा नियम १८२६ चा होता. मराठी माणसाच्या हाती शास्त्र आले ते ६६ ग्रंथांचे आले, आणि मधल्या विभागात काही असू शकते ही कल्पनाही त्यासोबत आली नाही. जेरोमने, लूथरने आणि इंग्लंडच्या चर्चने ‘प्रमाण नाही, पण वाचा’ असे सांगितले होते. आमच्यापर्यंत त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग पोहोचला. मी ज्याला नुकसान म्हणते ते हेच. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, आणि बाकीच्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र आल्या, तरी वाचनाच्या टेबलावर सर्वांत छोटी यादीच राहिली.

या नुकसानाचा आकार मला मुलीच्या लग्नात कळला. लग्न मिश्र असल्यामुळे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, ठेवली नव्हती; शास्त्रवाचन, प्रवचन आणि विवाहविधी असा कार्यक्रम होता. पहिले वाचन जावयाच्या मोठ्या बहिणीने केले, तोबीतच्या आठव्या अध्यायातले. सारेचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले आहेत, आणि आठवा नवरा तोबियास त्या रात्री तिला उठवून म्हणतो की आधी आपण प्रार्थना करू. तो आदाम आणि हव्वेची आठवण काढतो, मी हिला वासनेपोटी नव्हे तर शुद्ध हेतूने स्वीकारतो म्हणतो, आणि आम्हा दोघांना एकत्र म्हातारे होऊ दे असे मागतो. माझ्या नगरच्या थोरल्या भावाने सवयीप्रमाणे पिशवीतून शास्त्र काढले होते आणि तो नहेम्या आणि एस्तेरच्या आसपासची पाने उलटत होता. वाचन संपल्यावर वाचणारीने हे देवाचे वचन असल्याचे म्हटले, उजवीकडच्या बाकांवरून एका आवाजात उत्तर आले, आणि डावीकडचे आमचे बाक गप्प राहिले. लग्नाच्या दिवशी म्हणावी अशी इतकी सुंदर प्रार्थना ६६ ग्रंथांत मला दाखवता येणार नाही. त्या अध्यायात पुढे एक तपशील आहे जो लग्नात वाचत नाहीत: हाही जावई मेला असेल या धास्तीने सारेचा बाप रात्रीच खड्डा खणून ठेवतो, जेणेकरून लोकांना कळण्याआधी पुरता येईल, आणि तो जिवंत आहे असे कळल्यावर उजाडायच्या आत गड्यांकडून खड्डा बुजवून घेतो. मुलीच्या बापाचे मन ज्याने लिहिले आहे त्याला ते आतून माहीत होते.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचे प्रकरण असे गोड नाही, आणि तिथे आमचा मतभेद कायम आहे. बाराव्या अध्यायात यहुदी सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांचे मृतदेह उचलायला जातो, तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. तो सगळ्यांकडून सुमारे दोन हजार द्राख्मा चांदी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, आणि ग्रंथकार म्हणतो की मेलेले उठणार आहेत अशी आशा नसती तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणे व्यर्थ ठरले असते. २ नोव्हेंबरला विहीणबाई आपल्या यजमानांच्या कबरीवर फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातात, धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि त्या दिवशीची प्रार्थना गेलेल्या माणसांसाठी असते. मी त्यांच्यासोबत गेले होते. त्यांनी विचारले, “तुम्ही तुमच्या माणसांसाठी काहीच मागत नाही?” मी सांगितले की आम्ही त्यांच्या आयुष्याबद्दल आभार मानतो आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतो, गेलेल्यांसाठी मागत नाही, कारण ते ख्रिस्ताच्या हाती आहेत आणि त्यांच्या बाबतीत मागण्यासारखे काही उरलेले नाही अशी आमची श्रद्धा आहे. त्यांना हे कोरडे वाटले. मला ते कोरडे वाटत नाही. माझे वडील गेले तेव्हा याच श्रद्धेने मला उभे ठेवले. आमचे लोक असाही मुद्दा काढतात की मूर्तीचे ताईत बाळगणे हे तर घोर पाप, आणि कॅथलिक शिकवणीनुसारसुद्धा घोर पापात मेलेल्याला पर्गेटरी नाही, मग हा उतारा त्या सिद्धांताला कसा चालेल. मुद्दा चलाख आहे, पण कबरीपाशी उभे राहून तो काढावा असे मला वाटत नाही. शिवाय मृतांसाठीची प्रार्थना या एका उताऱ्यावर उभी नाही. ऑगस्टिनची आई मोनिका ऑस्टिया इथे मरणपंथाला लागली असताना म्हणाली होती की माझे शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ही प्रथा मंडळीत इतकी जुनी आहे. ती बरोबर की नाही हा वाद ग्रंथांच्या यादीने मिटत नाही.

माझे मत अजून जेरोमच्या बाजूचे आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथावर मी सिद्धांत उभारणार नाही. पण १९६८ मध्ये व्हॅटिकन आणि युनायटेड बायबल सोसायटीज यांनी मिळून भाषांतराची जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांत हे ग्रंथ दोन करारांच्या मध्ये, स्वतंत्र विभागात छापायची वाट मोकळी ठेवली आहे. तसा विभाग असलेले मराठी शास्त्र आमच्या मंडळ्यांच्या बाकांवर यावे, असे मला मनापासून वाटते. नव्या करारालाच या ग्रंथांची गरज पडते. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू हिवाळ्यात मंदिराच्या पुनःस्थापनेच्या सणाला यरुशलेमेत असतो. तो सण म्हणजे हनुक्का, आणि तो सुरू कसा झाला याची हकीकत मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात आहे, आमच्या ३९ ग्रंथांत कुठेही नाही.

आमच्या इमारतीतल्या घरगुती प्रार्थनासभेत गेल्या पावसाळ्यात इब्री लोकांस पत्र चालू होते. अकराव्या अध्यायात, अधिक चांगले पुनरुत्थान मिळावे म्हणून सुटका नाकारून हाल सोसणाऱ्यांचा उल्लेख येतो. हे कोण, असे एका तरुण मुलाने विचारले. मी विहीणबाईंकडून आणलेले मराठी कॅथलिक बायबल उघडले आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा सातवा अध्याय वाचला: डुकराचे मांस खायला नकार देणारे सात भाऊ एकामागून एक मारले जातात, राजा त्यांच्या आईला सांगतो की धाकट्याला तरी समजाव, आणि ती खाली वाकून त्याला आपल्या पूर्वजांच्या भाषेत सांगते की बाळा, आकाशाकडे आणि पृथ्वीकडे पाहा, देवाने हे काहीही नसताना निर्माण केले, या खाटकाला भिऊ नकोस. एक ज्येष्ठ गृहस्थ मध्येच म्हणाले की हे आपल्या शास्त्रात नाही. मी म्हटले, नाही, आणि पुढे वाचत राहिले. त्यांनीही शेवटपर्यंत ऐकले आणि मग सभेत त्यावर तासभर बोलणे झाले. आता त्याच सभेत बेन सिराख वाचतो आहोत. अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे, आणि इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या आमच्यातल्या एका परिचारिकेने त्या अध्यायाची झेरॉक्स मागून घेतली आहे.